महादूच्या नावानं मारलेली फुंक

या बाजूनं बसा बाई, उजव्या अंगानं. डावा कान साफ गेला, उजव्यानं थोडंसं येते, म्हनून जोरानं बोला, लाजू नोका, इथी खदानीवर सारेच जोरानं बोलतेत. माह्यं नाव बुधा मडावी. बुधवारी झालो म्हनून बुधा. गाव वैनगंगेच्या पल्याड, गडचिरोलीहून बी आतमंधी, जंगलात, पंधराक घरं असतीन, तुमच्या नकाशात सापडाचं नाई. वय विचारता तं वय मले माहीत नाई. पन मानमोडीचा ताप आल्ता ना, गावात मुडदा उचलाले मानूस भेटत नोता, त्या साली मी बापासंग कुऱ्हाड घेऊन जंगलात जात होतो, येवढं लिवा अन् पुढचं तुमी जुळवा, तुमी शिकलेल्या हा. डाक्टरसाहेबानं तुमाले पाठवलं म्हाताऱ्या मजुरायची चौकशी कराले, कोनाचं काय दुखते, कशानं दुखते, ते लिवाले, हे मले समजलं. मंग सारं लिवा, मधातलं गाळू नोका.

बाप माहा लाकूड तोडे. ठेकेदाराच्या कूपात, म्हनजे जंगलाचा जो तुकडा तोडाले देतेत ना त्याले कूप म्हनतेत, त्यात आमी बापलेक दिवसभर. काय सांगू तुमाले, आमच्या लोकायत झाडाले कुऱ्हाड लावाच्या आधी तळहात लावतेत. एक तं त्याले विचाराचं, का बा तोडू का तुले, अन् दुसरं म्हनजे पाहाचं का ते आतून भरीव हाये का पोकळ. एक हात बुंध्याले चिपकवाचा अन् दुसऱ्या हातानं कुऱ्हाडीची पाठ ठोकाची. भरीव झाड गप ऱ्हायते. पोकळ झाड हातात थरथरते, हिव भरल्यावानी. पोकळ झाड पडतानी फाटते, कुठी पडन त्याचा नेम नाई, मानूस मरते. बाप म्हने कानावर भरोसा ठेवू नोको, जंगलात पाखरं ओरडतेत, वारा वाह्यते, कान फसते, हात लवकर फसत नाई. बापाची येवढी एकच शाळा शिकलो मी, अन् तीच जिंदगीभर पुरली.

मंग लगीन झालं फुलीसंग. बाप गेला, ठेकेदार बदलला, नवा ठेकेदार आपले मानसं घेऊन आला, तं आमी दोघं निंगालो. मूल गावापर्यंत पायी, तिथून छोट्या गाडीनं चांदा, चांद्याहून मोठ्या गाडीनं माजरी. फुलीनं जिंदगीत पह्यल्यांदा गाडी पाह्यली अन् ती बसाले तयारच होईना, मी चढलो तं म्हने हे जनावर उभं हाये तवर उतरून घ्या, चाललं का मंग कोनाच्या बापाचं नाई. खदान माजरीच्या आसपासची, नाव नाई सांगत, नाव घेऊन कोनाचं भलं झालं. हाजरीबाबूनं विचारलं तुले काय येते, मी म्हन्लं लाकूड येते. बस, लाकडावर लावलं मले. पह्यल्या दिवशी खाली उतरलो तं वाटलं का जित्तेपनी मातीत गेलो, ना झाड, ना पाखरू, ना आभाळ. वर आलो तं फुली म्हने कसं हाये खाली. मी म्हन्लं जंगलच हाये, फक्त ते उलटं पडलं अन् काळं झालं. तिले हासू आलं, मले बी आलं, अन् मंग ऱ्हायलो.

लाकूड म्हनजे कसं, जमिनीच्या पोटातला कोळसा काढला का वरचं छत अधांतरी ऱ्हायते, त्याले खालून लाकडाचे खांब द्या लागते. खांब कुठी द्याचा, किती द्याचे, छत कच्चं हाये का पक्कं, हे पाहाचं काम माह्यं. सारे लोक सळईनं छत ठोकतेत अन् कानानं आयकतेत, टन् वाजलं तं पक्कं, ढब वाजलं तं वरून सुटलं हाये, पयाले लागा. मी ठोको बी अन् छताले तळहात बी लावो, बापानं शिकवल्यावानी. लोक हासत, म्हनत हा जंगली छताले आशीर्वाद देते. हासू द्या, ज्याच्या डोक्यावर पडलं नाई त्यालेच हासाले येते. इतके वर्सं मी ते छत ठोकलं अन् माह्या खांबाखाली मानूस मेला नाई, हे मी छाती ठोकून सांगतो, कोनाले बी विचारा.

कान कवा गेला हे नाई सांगता येत. खाली सुरुंग उडवतेत, दिवसातून कितीक डाव, अन् पानी उपसाचा पंप धडधड करते, त्याच्या बाजूनंच आमचा रस्ता. कान एका दिवसात नाई जात बाई, उंदरानं पोतं कुरतडावं तसा थोडा थोडा जाते. फुलीनं धरलं मले. ती मांगून म्हने भाकर घ्या, मी आयकतच नोतो, तिले वाटे मी रागावलो. एक डाव तिनं माह्या मांगं ताट आपटलं, मी वळूनच पाह्यलं नाई, तं ती चुलीपाशी बसून रडली. मी म्हन्लं रडतं कायले, भाकर तं दिसते ना मले. पन घाबरलो होतो मी, खोटं कायले बोलू. खदानीत बहिऱ्याले कोन ठेवन. मंग लपवलं. कोनी काई म्हन्लं का मी आधी त्याच्या तोंडाकडं पाहो, होटं वाचो, मंग मान हालवो, अन् लोकायले वाटे बुधा भाऊ म्हनजे मोठा इचारी मानूस.

अन् इथी महादू आला. महादू वर्धा नदीकडचा, कुनब्याचा पोरगा, माह्याहून बारा-चवदा वर्सानं लहान, मानमोडीच्या साली तो मायच्या कडेवर होता, त्याची मायच सांगे. तोंडावर देवीचे वन. कोळशाच्या धुळीनं त्याची छाती भरली होती, चार पावलं चढला का भिताडाले हात लावून उभा ऱ्हाये, केस बी पांढरे झाले होते, पन कान असा का घुशीचं चालनं आयको. माही छाती भात्यावानी, कान मेलेला. त्याचा कान तिखट, छाती मेलेली. कोनी जोडी लावली नाई, आमची आमीच लागली. खांब मी उचलो, उभा मी करो, पाचर मी ठोको. सळई वाजवली का तो आयके अन् मी हात लावो, अन् दोघायचं एक झालं तरच मानसं आत जात. दोन अर्धे मिळून एक पुरा. खदानीत अशा कितीक जोड्या होत्या, एकाचे डोळे गेले तं दुसऱ्याचे गुडघे, एक दिवा धरे अन् दुसरा टब, म्हनजे कोळशाची रुळावरची गाडी, ढकले, साहेबायले काई पत्ता नाई. आमाले दोघायले सारे बुढे म्हनत, त्याले बी, अन् तो आपला हासे.

एकच डाव भांडलो आमी. त्याचा कान म्हने पक्कं हाये, माहा हात म्हने थरथरून राह्यलं. तो म्हने तुह्या हातालेच कापरं भरलं बुढ्या. मी म्हन्लं मंग तू जा खाली उभा ऱ्हाय, मी बाहेरून पाहातो. तो तोंड फुगवून बसला, मानसं बी बाहेर बसली, मुकादम शिव्या देऊन राह्यला. भाकर खाऊन झाली नाई तं छत आलं खाली, दोन बैलबंड्या भरतीन येवढा दगड. महादूनं आपल्या डब्यातली चटनी उचलून माह्या भाकरीवर ठेवली. त्या दिवशी कान फसला, दुसऱ्या कोन्या दिवशी हात फसला असता तं कान होता, जोडी याच्यासाठीच असते.

मंग आला डाक्टर. तुमचेच साहेब, तवा नवे होते, चष्मा लावून, नागपूरहून. चांगला मानूस, हे मी आता सांगतो, तवा आमाले तो यमाचा मुनीम वाटला. बातमी अशी फिरली का म्हाताऱ्यायची तपासनी हाये, जो नापास तो घरी. घरी म्हनजे कुठी, माह्यं घर तं जंगलात मातीत मिळालं. मंग काय सांगू तुमाले काय तमाशा झाला. दिव्याची काजळी तेलात कालवून सारायनं मिशा काळ्या केल्या. एका बुढ्यानं भुवया बी काळ्या केल्या, तो रामलीलेतल्या रावनावानी दिसे. घामानं काजळी वघळली, गालावर धारा, डाक्टरनं आपला रुमाल देल्ला पुसाले. वय विचारलं तं जो येईन तो चाळीस. एकाचा लेक बी खदानीत होता, त्यानं बी चाळीसच सांगतलं, बापलेक एका वयाचे. डाक्टर हासला नाई, खाली मान घालून लिवत गेला बिचारा.

आमचं डोकं महादूनं चालवलं. आदल्या दिवशी जे तपासून आले होते त्यायले त्यानं इचारून घेतलं का आत काय काय करतेत. डाक्टरपाशी एक डबा होता, पान्यावर तरंगनारा, नळीतून फुंकलं का तो वर चढे, जितका वर तितकी छाती चांगली. अन् कानासाठी तो आपल्या मांगं उभा ऱ्हाऊन हळू आवाजात आकडा म्हने, आपन तोच सांगाचा. माह्या पाळीले महादू समोरच्या भिताडाले टेकून उकिडवा बसला, जसा आपला नंबर पाहून राह्यला. डाक्टरचे डोळे कागदात. त्यानं आकडा म्हन्ला का महादू गुडघ्यावर तितके बोटं ठेवे. सात म्हन्लं तं सात बोटं, तीन म्हन्लं तं तीन. मी एकबी चुकलो नाई. मंग फुंकाचं काम. आमी कामावरून सरळ आल्तो, अंगभर कोळसा, दात तेवढे पांढरे, त्या नव्या मानसाले आमी सारे एकावानी एक. ओळख म्हनजे गळ्यातला पितळेचा बिल्ला, त्यावरचा नंबर. मी माह्या नावानं फुंकलं, बाहेर गेलो, महादूचा बिल्ला गळ्यात घातला, त्याचं फडकं डोक्याले बांधलं, अन् पुन्यांदा आत. महादूच्या नावानं मी अशी फुंक मारली का डबा टोकाले गेला. डाक्टर म्हने शाबास भाऊ, या वयात अशी छाती. अन् मी ती छाती फुगवून उभा ऱ्हायलो, मूर्खावानी.

त्या दिवशी आमी मोहाची थोडी घेतली, दोघायनं. महादू खोकत खोकत हासे, म्हने जिकलो बुढ्या. काई दिवसानं डाक्टरचा कागद ऑफिसात आला अन् मनेजरनं तो वाचला. कागदात माहा कान धडधाकट, म्हनून मले पंपाच्या बाजूचं काम देल्लं, तिथलं छत कच्चं अन् तिथी तिखट कानाचा मानूस पाह्यजे होता. अन् महादूची छाती पैलवानाची. तवा दगडातून एक नवा रस्ता खोदनं सुरू होतं, पुढच्या कोळशापर्यंत जाले, तिथी दगडाले मशीनीनं भोकं पाडाचे, त्या कामाले मजबूत छातीची मानसं पाह्यजे होती. महादूचं नाव सगळ्यात वर लागलं. ते नाव माह्या फुंकेनं लिवलं बाई, दुसऱ्या कोनी नाई.

दगडाची धूळ कोळशाच्या धुळीवानी नसते. ती पांढरी, पिठावानी, नाकातोंडातून आत जाऊन बसते अन् मंग निंगतच नाई. संध्याकाळी महादू वर ये तं पांढरा फटक, पीठगिरनीतून आल्यावानी. मी म्हन्लं जा, सांगून टाक का ती फुंक माही होती. तो म्हने सांगतलं तं दोघं बी जातो, तू बहिरा म्हनून अन् मी लबाड म्हनून, चार महिने काढतो, रस्ता झाला का पुन्यांदा तुह्याकडं येतो. मी आयकलं त्याचं. काऊन आयकलं, तं घाबरलो म्हनून. लिवा तसंच, बुधा मडावी घाबरला. महादूच्या जागेवर मले पोशम देल्ला होता, सिरोंच्याकडचा, तेलुगू बोलनारा गडी, ईमानदार, पन त्याले माह्या हाताचा भरोसा नोता अन् मले त्याचं बोलनं आयकू ये नोतं. पंपाच्या आवाजात मी निस्त्या तळहातावर छत पाहून राह्यलो होतो, अन् रोज खाली उतरतानी वाटे का आज कोन मरते माह्यापाई.

चार महिन्याचे आठ झाले. एका सकाळी सगुना आली, महादूची बायको. आत आली नाई, बसली नाई, फुलीनं पानी नेलं तं पान्याले हात नाई लावला. या उजव्या कानापाशी येऊन उभी ऱ्हायली अन् म्हने, त्या नळीत तुमी फुंकलं ना भाऊजी, मंग आता तुमीच जाऊन सांगा, त्यायले आता आडवं पडता येत नाई, पडले का जीव कोंडते. येवढंच बोलली अन् गेली. फुली माह्याकडं पाहात ऱ्हायली. मी कामाचा बिल्ला काढून खिळ्याले टांगला अन् चांद्याची गाडी धरली.

डाक्टर चांद्याले एका दवाखान्याच्या मांगच्या खोलीत कागद पसरून बसला होता. मी म्हन्लं साहेब, तुमच्या कागदात चोर हाये अन् तो मी हावो. सारं सांगतलं, बोटं, बिल्ला, फडकं, काजळी. त्याचं तोंड आधी उतरलं, मंग लाल झालं. म्हने तुमी माही सारी मेहनत मातीत घातली, असे खोटं बोलनारे किती होते. मी म्हन्लं खरं बोलनारे किती होते ते विचारा, लवकर मोजून होईन. अन् मंग मले बी राग आला, काऊन नाई येनार. मी म्हन्लं तुमी आमाले एकेकट्याले बोलावलं साहेब, आमी एकेकटे कामच करत नाई. तुमी छाती पाह्यली, कान पाह्यला, पन कागद तुमच्या हातून गेल्यावर त्याचं काय होते हे कवा पाह्यलं? शाबास लिवलं का मनेजर त्या मानसाले दगडात घालते, नापास लिवलं का घरी घालते, मंग म्हाताऱ्यानं खरं बोलाचं कोनासाठी? त्यानं चष्मा काढून पुसला, पुन्यांदा घातला, अन् म्हने, भाऊ, हे मी विचारलंच नोतं. त्या दिवशीपासून मी त्याले मानतो.

दुसऱ्या दिवशी तो माह्यासंग आला अन् खाली उतरला. दगडाच्या रस्त्यापर्यंत आला, रुमाल नाकाले लावून, अन् थोड्याच वेळात खोकाले लागला. माह्या बाजूनं उभा ऱ्हाऊन त्यानं बी छताले तळहात लावून पाह्यला, म्हने मले तं काईच समजत नाई, मी म्हन्लं उमर जाते त्याच्यात. मंग वर येऊन महादूले नळीत फुंकाले लावलं. डबा हालल्यावानी झाला अन् तिथीच बसला. डाक्टर त्याच्या पाठीवर हात ठेवून तसाच उभा. मनेजरले त्यानं समोरासमोर सांगतलं का मशीनीच्या तोंडाशी पानी सोडा, धूळ तिथीच बसते, उडत नाई, अन् या लोकायच्या जोड्या तोडू नोका. मनेजर म्हने पानी खाली न्याचं म्हनजे मोठा खटाटोप, हे लोक म्हातारे झाले, यायले बदलून टाकतो, पानी कायले पाह्यजे. म्हातारे. मले येवढा एक शब्द साफ आयकू आला त्या दिवशी.

आठ दिवसानं दोघायले ऑफिसात बोलावलं. कागद तयार होते. हाजरीबाबूनं माह्या चांगल्या कानाशी वाचून दाखवला, का वयोमानानं अशक्त झाल्यानं कामातून मोकळं करत आहोत, अन् म्हने दे अंगठा. मी म्हन्लं वयोमान म्हनजे काय. म्हने म्हातारपन. मी म्हन्लं माहा कान म्हातारपनानं नाई गेला, सुरुंगानं अन् पंपानं गेला, ते लिवा. बाबू म्हने काय फरक पडते बुढ्या, कान तं गेलाच. मी म्हन्लं लय फरक पडते. म्हातारपन लिवलं तं कसूर देवाचा. धूळ लिवली तं पानी आना लागते. महादूच्या जागेवर उद्या पोशमले पाठवनार हा तुमी, काई वर्सात तो बी म्हातारा, मंग त्याच्या जागेवर आनखी कोनी. तुमच्या खदानीत मानूस चाळिशीतच म्हातारा होते, तं आमच्या जंगलात काऊन नाई होत? माही आत्या सत्तरीत टोपली घेऊन मोहाखाली फिरे. बाबूनं मनेजरकडं पाह्यलं. मनेजर म्हने अंगठा देल्ला तं वर दिव्याच्या खोलीत काम देतो, बसून दिवे पुसाचे, सावलीत, नाई देल्ला तं काईच नाई. मी अंगठा मुठीत घातला अन् मूठ बगलेत घातली. घरी आलो तं फुली म्हने येडे हा तुमी, बसल्या जागी काम होतं. मंग तीच लाकडं इकाले जाऊन राह्यली, मी बी जातो मोळी घेऊन, पन तिनं तो विषय पुन्यांदा काढला नाई, येवढे तिचे उपकार.

महादूनं देल्ला अंगठा. त्याले दोष देऊ नोका, मी बी नाई देत, त्याले उभं ऱ्हाता येत नोतं अन् सगुना दारात उभी होती. त्याच्या कागदावर वय काय होतं मालूम? भरतीच्या दिवशी त्याले वय सांगता आलं नाई, तं तेव्हाच्या बाबूनं त्याचे देवीचे वन पाहून मनानंच पस्तीस लिवलं, तो तवा इशीचा बी नोता. म्हनून कागदावर महादू माह्याहून मोठा, साठीले टेकलेला. त्याच्या घरी मी जाऊन बसो. त्याले बोलाले दम नोता, मले आयकू ये नोतं, तं आमचं चांगलं जमे. मी त्याच्या पाठीले तळहात लावो. हाताले सारं समजे बाई. छत सुटाच्या आधी जसं हातात येते, तसं ते. मी सगुनाले काई सांगतलं नाई, ती बी काई विचारे नाई. दिवाळीच्या आधी गेला तो. अन् ऑफिसातल्या कागदावर लिवलं, म्हातारपनानं.

तेरावं झालं अन् दुसऱ्या दिवशी मी खदानीच्या तोंडाशी जाऊन बसलो. बिल्ला नोता, आत जाता ये नोतं, पन तोंडाशी बसाले कोनाची मनाई. जो उतरे त्याले सांगो, कोरड्या दगडाले भोक पाडू नोको बा, महादूले आठव. चपराशी आला उठ म्हनाले, मी बहिरा, मले काई आयकूच ये ना. त्यानं हातवारे केले तं मी बी हातवारे केले, लोक हासले, तो गेला. पह्यले दोन दिवस लोक नजर चोरून उतरत. तिसऱ्या दिवशी पोशम आला अन् माह्या बाजूनं बसला, बिल्ला हातात घेऊन, अन् साऱ्यायले आयकू जाईन असं म्हने, पानी येत नाई तवर मी मशीन उचलत नाई. त्याच्या मांगं आनखी बसले. मंग मनेजर स्वता आला. मी त्याले एकच विचारलं, अन् बहिऱ्याचा आवाज मोठाच असते, वरपासून खालपर्यंत गेला असन. मी म्हन्लं साहेब, महादू माह्याहून चवदा वर्सानं लहान, तो म्हातारपनानं मेला म्हनता, तं मी काऊन जित्ता हावो?  पाच दिवसानं टबात भरून पानी खाली गेलं. अजून जाते. नळ लावतो म्हन्ला होता, तो नाई लावला, पन पानी जाते, अन् ते त्यायनं देल्लं नाई, आमी घेतलं.

आता तुमी पुन्यांदा चौकशी घेऊन आल्या, अन् या डावानं डाक्टरसाहेबानं लोकायले जोडी-जोडीनं बोलावलं, हे मले पटलं. मी घरोघर जाऊन सांगतलं साऱ्यायले, मिशा काळ्या करू नोका, जे गेलं ते गेलं म्हना, अन् कशानं गेलं ते बी म्हना. काई सांगतीन, काई नाई सांगनार, घाबरतेत, मी बी घाबरलो होतो तं त्यायले काय बोलू. मनेजरच्या कागदावर माहा अंगठा अजून नाई अन् होनार बी नाई, मेल्यावर माहा हात उचलून लावतीन तं गोष्ट येगळी. पोशम रोज संध्याकाळी येते, माह्या दाराच्या खांबाले तळहात लावून बसते, मी दुसऱ्या बाजूनं ठोकतो, शिकून राह्यला, शिकन. तुमचं भलं होवो बाई, तुमच्या लेकराबाळायचं भलं होवो, तुमी बसल्या येवढा वेळ. आता लिवलं ते वाचा, जोरानं वाचा, फुलीले बी आयकू द्या. थांबा. महादूच्या नावापुढं काय लिवलं तुमी, साठ? ऑफिसातून उतरवून घेतलं असन. ते खोडा अन् चाळीस लिवा. अन् कशानं गेला, त्या जागी दगडाची धूळ लिवा, मोठ्या अक्षरानं. झालं? आना मंग ती अंगठ्याची शाई इकडं.